अप्पांचा डावा हात

3 जून 2020, बुधवार. मस्कतमध्ये सकाळचे नऊ वाजले होते, घरी कोकणात साडेदहा, आणि चक्रीवादळ किनाऱ्याकडे निघालेलं. मी फोनवर अप्पांना, माझ्या वडिलांना, सांगत होतो, "पडवीतून खाली उतरा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि डावा हात आडवा धरा."

"हात कशाला?"

"धरा तर खरं."

थोडा वेळ फोनमध्ये नुसता घोंघाट. मग म्हणाले, "हात बेड्याकडे आलाय."

बेडं म्हणजे आमच्या आगराचं, घराभोवतीच्या नारळ-सुपारीच्या बागेचं फाटक, नैऋत्येच्या कोपऱ्यातलं. म्हणजे वादळही नैऋत्येला. माझ्यासमोर लॅपटॉपवर तेच दिसत होतं, पण अप्पांच्या हातावर माझा भरवसा जास्त होता. लॅपटॉपवरचं चित्र निघाल्याला अर्धा-पाऊण तास झालेला असतो, हात त्या क्षणाचा असतो.

ही युक्ती जुनी, दर्यावर्दी लोकांची. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचं वारं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, त्यामुळे वाऱ्याकडे पाठ केली की वादळाचं केंद्र साधारण डाव्या हाताला येतं. मला ती इथे ऑफिसात एका केरळी माणसाने शिकवली. तो आधी जहाजावर होता. कोकणातला मी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढलेला, आणि हे मस्कतला येऊन शिकलो. असो.

आमचं घर दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात. साधारण 17.9 उत्तर, 73 पूर्व. हे आकडे मला तेव्हापासून मोबाईल नंबरसारखे पाठ आहेत, कारण हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये आमच्या गावाचं नाव येत नाही. तिथे वादळ पणजीपासून इतके किलोमीटर, मुंबईपासून इतके, सुरतेपासून इतके असं मोजतात. आम्ही कायम दोन नावांच्या मधल्या रिकाम्या जागेत. मग अक्षांश-रेखांश घेऊन नकाशावर स्वतःच टिंब काढायचं आणि तिथून पट्टी लावायची. दर तीन तासांनी नवं बुलेटिन, किनारा जवळ आला की तासातासाने. दोन रात्री मी हेच केलं. बायको म्हणाली, दहावीला इतका अभ्यास केला असतास तर!

1 जूनला हे वादळ अरबी समुद्रात नुसतं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र होतं, इंग्रजीत ज्याला डिप्रेशन म्हणतात. वाऱ्याचा वेग ताशी 31 किलोमीटरच्या वर गेला की डिप्रेशन, 62 च्या वर गेला की चक्रीवादळ, आणि मगच नाव. 2 जूनला नाव मिळालं, निसर्ग. बांगलादेशाने सुचवलेलं. 13 देशांनी प्रत्येकी 13 नावं दिली आणि 169 नावांची नवी यादी त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली, त्यातलं हे पहिलंच. तोवर ते उत्तरेकडे चाललं होतं. मग ईशान्येला वळलं, म्हणजे थेट किनाऱ्याकडे.

नकाशावर पुढच्या मार्गाचा तो नरसाळ्यासारखा पट्टा दाखवतात ना, त्याबद्दल बोलायलाच हवं. आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांनी तो बघितला आणि सुस्कारा सोडला. नरसाळ्याचा मध्य अलिबागकडे, आपण दक्षिणेच्या कडेला, म्हणजे सुटलो. पण तो पट्टा वादळाच्या आकाराचा नसतोच. वादळाचं केंद्र कुठून कुठे जाऊ शकेल एवढंच तो सांगतो. वारं त्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत असतं. शिवाय पट्ट्याची कुठली कड तुमच्या वाट्याला येते यावर सगळं अवलंबून. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभं राहा: उजव्या अंगाला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या अंगाला वजाबाकी. ईशान्येला जाणाऱ्या वादळाचं उजवं अंग म्हणजे आग्नेय. म्हणजे श्रीवर्धन, मंडणगड, दापोली. म्हणजे आम्ही.

टीव्हीवर मात्र मुंबई, मुंबई आणि मुंबई. रेनकोट घातलेले वार्ताहर मरीन ड्राइव्हवर लाटांची वाट बघत उभे. मुंबई डाव्या अंगाला होती.

पुन्हा फोनकडे येतो. घरी बारा वाजता परत हात धरायला लावला. "आता समुद्राकडच्या गडग्याकडे," अप्पा म्हणाले. म्हणजे पश्चिम. वारं आग्नेयेचं दक्षिणेला आलं होतं. हे वाईट. वारं आग्नेय, दक्षिण, नैऋत्य असं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे पालटत गेलं तर समजायचं, आपण उजव्या अंगात सापडलो. उलटं फिरलं तर डाव्या. मी हे त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की आता बाहेर येऊ नका, माजघरात बसा, कौलाखाली नको. आईने मागून विचारलं, त्याने काही खाल्लंय का विचारा.

पाऊण वाजता फोन लागला, तो शेवटचा. अप्पा खिडकीतून बोलत होते. "विहिरीकडे," ते ओरडले, एवढंच कळलं. विहीर वायव्येला. त्यांनी आपणहून हात धरला होता. त्यांच्या मागे काहीतरी सटासट मोडत होतं, एका लयीत, जणू कोणी ऊस मोडतंय. त्या पोफळी होत्या. मग लाइन गेली.

साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळाने अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला, 110 ते 120 किलोमीटरच्या वेगाने. हे बुलेटिनमध्ये आलं. घरचं काहीच आलं नाही. वीज गेली, टॉवर पडले, रस्त्यावर झाडं आडवी. इथून विमानं बंद, तिथे लॉकडाऊन. हातात उपग्रहाची चित्रं होती, रडार होतं, अंदाज काढणारं युरोपियन संगणकी मॉडेल होतं, अमेरिकन मॉडेल होतं. ढगाचा प्रत्येक पिळा दिसत होता. आमच्या घरावर कौलं आहेत की नाहीत हे मात्र कळायला मार्ग नव्हता. वादळ विरून गेलं तरी मी वाऱ्याचा नकाशा दाखवणारं ते विंडी अॅप उघडत होतो. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सहाव्या दिवशी पुण्याचा चुलतभाऊ पास काढून, कोयता घेऊन, वाटेतली झाडं तोडत पोचला. परत दापोलीपर्यंत येऊन रेंज मिळाली तिथून त्याने फोन केला.

"काका-काकू ठीक आहेत. घर आहे. आगर नाही."

140 पोफळींतल्या 11 उभ्या होत्या. नारळ निम्मे. गोठ्याचे पत्रे शेजाऱ्यांच्या वाडीत. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. अप्पा तेव्हा 71 चे होते. जुलैत त्यांनी 200 रोपं लावली. मी हिशेब केला आणि गप्प बसलो. वीज सव्वा महिन्याने आली.

पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. हे नाव म्यानमारचं, अर्थ पाल. अप्पांना सांगितल्यावर म्हणाले, "मग चुकचुकली म्हणायची." हे वादळ आमच्या किनाऱ्यावर चढून आलं नाही. लक्षद्वीपकडून निघून किनाऱ्याला समांतर उत्तरेला गेलं आणि 17 मेच्या रात्री गुजरातेत, दीवच्या पूर्वेला धडकलं. पण उत्तरेला चाललेल्या वादळाचं उजवं अंग म्हणजे अख्खं कोकण, सावंतवाडीपासून पालघरपर्यंत. 16 मेला देवगड, रत्नागिरीचा हापूस झाडाखाली सडा पडल्यासारखा पडला. आमच्याकडेही तोच प्रकार. या वेळी मात्र अप्पांना काही सांगावं लागलं नाही. सकाळपासून त्यांचाच फोन: "हात समुद्राकडे. डोळा कुठवर आला?" आणि संध्याकाळी, जरा खुशीत, "नवी रोपं जागेवर आहेत. गुडघ्याएवढी, त्यांना वारा काय करणार!"

एक सांगायचं राहिलं. अरबी समुद्रातल्या वादळांचा हंगाम वर्षात दोनदा, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मधल्या भर पावसात वरचं वारं आणि खालचं वारं यांत इतका फरक असतो की वादळाचा खांब उभाच राहत नाही. तर या दोन हंगामांत माझ्या फोनवर दहा दिवसांनंतरची लालबुंद चक्रं येऊ लागतात. "महाभयंकर! सर्वांना पाठवा!" बाबांनो, ते कुठल्यातरी मॉडेलचं एका वेळचं चित्र असतं, सहा तासांनी तेच मॉडेल ते पुसून टाकतं. हवामान खातं मार्गाचा अंदाज पाच दिवसांचा देतं, त्याला कारण आहे. आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की लगेच धोक्याचा बावटा म्हणून छापू नका. तीन नंबर सावधगिरीचा. धोका पाच नंबरपासून सुरू होतो. हे आमच्या हर्णैच्या कुठल्याही तांडेलाला विचारा.

इथे राहून आणखी एक विचित्र गोष्ट अंगवळणी पडली आहे. समुद्र एकच असल्यामुळे घरचं वादळ टळलं की बऱ्याचदा ते इकडे ओमानकडे निघालेलं असतं. 2019 च्या दिवाळीत क्यार रत्नागिरीसमोर तयार झालं, कापायला आलेलं भात कोकणात भिजवलं आणि पश्चिमेला निघालं. ग्रुपवर "सुटलो"चे मेसेज येत होते आणि इथे वाण्याकडे पाण्याच्या बाटल्यांना रांग लागलेली. गोनूच्या वेळी, 2007 मध्ये, मस्कत बुडालेलं पाहिलेली माणसं नकाशा बघत बसत नाहीत, आधी पाणी भरतात. क्यार समुद्रातच दक्षिणेला वळलं आणि विरलं.

पण शाहीन वळलं नाही. सप्टेंबर 2021 मध्ये बंगालच्या उपसागरातून गुलाब आलं, आंध्रात चढलं, मराठवाड्यात धो धो ओतून गुजरातकडून अरबी समुद्रात उतरलं, आणि तिथे पुन्हा जोर धरून शाहीन झालं. महाराष्ट्र ओलांडून माझ्या मागे मस्कतला आलं म्हणा ना. रविवार, 3 ऑक्टोबर. सरकारने दोन दिवस सुट्टी दिलेली, रस्ते रिकामे. दुपारी घरून फोन.

"गच्चीवर जा," अप्पा म्हणाले. "वाऱ्याकडे पाठ कर."

गेलो. इथे चारी बाजूंना उघडे डोंगर, वारं धड एका दिशेचं नसतं, तरी उभा राहिलो. हात ईशान्येला आला. तासाभराने उत्तरेला. अंधार पडायच्या सुमाराला वायव्येला.

फोनवर शांतता. ते बहुतेक हवेत हात फिरवून बघत होते.

"काट्यांच्या उलट फिरतंय रे," ते म्हणाले. "तू डावीकडचा."

"हो."

"मग ते जाणार कुठे?"

"बातिनाकडे, इथून वायव्येच्या किनाऱ्याला. सुवैक, खाबूरा."

"तिथे आगरं आहेत?"

"खजुराची आहेत," मी म्हणालो.

अप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी नाल्यातनं वर काढलीस का?"