पद्मिनीचं उन्हाळी दुखणं: पेट्रोल नव्हे, करंट

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ओढणारा पडदा) बदलला आणि गाडीचा गरम झाल्यावर बंद पडण्याचा प्रश्न मिटला. नाही मिटला. ती ओळ मागे घेतो. त्यानंतरचे तीन महिने मी चुकीच्याच दुखण्यावर औषध करत होतो, त्याचा हा हिशेब.

नव्यांसाठी गाडीची ओळख: १९८४ ची प्रीमिअर पद्मिनी, १०८९ सीसी, हँडगिअर, सोलेक्स कार्ब्युरेटर, सीबी पॉईंटवालं इग्निशन (स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे जुन्या पद्धतीचे पॉईंट). आधीच्या मालकाने बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो काढून त्या जागी अल्टरनेटर बसवला, वायरिंग मात्र जुनंच ठेवलं. शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. सोलापुरात पद्मिनी बाळगायला एक भावनिक निमित्तही आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले, आणि १९४४ साली त्यांनीच प्रीमिअर ऑटोमोबाइल्स उभी केली, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघाली. म्हणून मी म्हणतो, गाडी माहेरी आली आहे. बायको म्हणते, माहेरी आलेली लेक इतकी आजारी नसते.

दुखणं असं. सकाळी चोक ओढला की अर्ध्या सेल्फमध्ये चालू. जुळे सोलापूर ते सात रस्ता, काही तक्रार नाही. पण अर्धा-पाऊण तास चालली, ऊन चढलं, की आधी चढाला मिसिंग (इंजिन मधेच गचके खायचं), मग सिग्नलला स्लो, म्हणजे उभ्या गाडीतलं इंजिन, डळमळायचा, आणि एकदा बंद पडली की सेल्फ कितीही मारा, ढिम्म. अर्धा तास बॉनेट उघडं टाकून सावलीत बसायचं, मग जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू.

हे कुणालाही सांगा, उत्तर एकच: व्हेपर लॉक. म्हणजे उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. सोलापूरचा मे म्हणजे ४३-४४ अंश, त्यात आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्यामुळे मलाही ते पटलं. इथल्या जुन्या ड्रायव्हरांचा उतारा ठरलेला आहे: पंपावर ओला पंचा टाकायचा. सोलापुरात पंच्याला काय तोटा! मी चाटी गल्लीतून चांगला जाड घेतला, डिकीत पाण्याचा कॅन ठेवला आणि मार्चभर दर तासाला गाडीला घड्या घालत फिरलो.

आणि गंमत म्हणजे गुण यायचा. म्हणजे यायचा असं वाटायचं. पंचा भिजवून, टाकून, चहा घेऊन येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जायचीच, आणि तेवढ्यात गाडी तशीही निवायची. श्रेय पंच्याला.

त्या भरात पंपाचा डायफ्राम, टाकीपासूनच्या सगळ्या रबरी नळ्या (त्या बदलायलाच हव्या होत्या, हाताने दाबल्यावर चिरा दिसत होत्या), कार्ब्युरेटरची नीडल आणि गॅस्केटं, एवढं बदललं. कॉम्प्रेशन तपासलं, चारही सिलिंडर १२० ते १२५ पीएसआयच्या दरम्यान, म्हणजे इंजिनाच्या पोटात काही खोट नाही. एका ऑटो इलेक्ट्रिशियनला इग्निशनही दाखवलं. त्याने टेस्ट लॅम्प कॉईलला (बॅटरीच्या १२ व्होल्टपासून स्पार्कचं मोठं व्होल्टेज करते ती) लावला, दिवा लख्ख पेटला, "करंट फुल्ल हाय सर." मी घरी येऊन मल्टीमीटर लावला, कॉईलच्या प्लसला १२.५ व्होल्ट. खरंच फुल्ल. इलेक्ट्रिकचा विषय मी तिथेच बंद केला.

आम्ही दोघेही चुकलो होतो, ते मला मे महिन्यात अक्कलकोट रोडवर कळलं.

वळसंगच्या अलीकडे गाडीने नेहमीप्रमाणे अंग टाकलं. दुपारचे दोन. या वेळी डिकीत पाण्याचा कॅन रिकामा, आसपास हॉटेल नाही, एक कडुलिंब आणि त्याखाली शेळ्या. पंचा कोरडाच असल्यामुळे नाइलाजाने डोकं चालवावं लागलं. तोवर मी प्रत्येक तपासणी घरी, सकाळी, गार गाडीवर केली होती. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावावा तसं. आज ताप चढलेला होता आणि रुग्ण समोर होता.

आधी पेट्रोल. एअर क्लीनर काढला, कार्ब्युरेटरच्या घशात बघत हाताने थ्रॉटल ओढला. ॲक्सिलरेटर पंपाची बारीक धार सर्रकन आली. पुन्हा ओढला, पुन्हा धार. म्हणजे बाऊलमध्ये, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे. व्हेपर लॉकने बंद पडलेल्या गाडीत बाऊल कोरडा पडायला हवा. तीन महिन्यांचा सिद्धांत दहा सेकंदांत निकालात. कॅनमध्ये पाणी असतं तर पंच्याचा खेळ मी आणखी एक उन्हाळा करत राहिलो असतो.

मग स्पार्क. एक नंबरच्या प्लगची लीड काढून जास्तीचा प्लग लावला, बॉडीला टेकवला, आणि शेळ्यांमागच्या आजोबांना विनंती केली, "काका, जरा चावी फिरवता का?" त्यांनी काठी बाजूला ठेवून, चप्पल बाहेर काढून, गाडीत बसून चावी फिरवली. (पद्मिनीत लोक अजून चप्पल काढून बसतात, ही गोष्ट मला फार आवडते.) स्पार्क होता, पण पिवळट, केसासारखा, आणि मधेच गायब. निळा, चटचट आवाज करणारा हवा.

आता कॉईल वाईट की कॉईलला मिळणारा करंट वाईट? डब्यात मुलीच्या विज्ञान प्रकल्पातली क्रोकोडाइल क्लिपवाली वायर होती. बॅटरीच्या प्लसपासून थेट कॉईलच्या प्लसला जोडली. आजोबांनी चावी मारली, पहिल्या फटक्यात गाडी चालू. तापलेल्या इंजिनावर, भर उन्हात. आजोबा म्हणाले, "हितली वायर तुटली हुती व्हय?" एका वाक्यात निदान. तशीच वायर लावून घरी आलो, बंद करायला बॉनेट उघडून क्लिप काढली. हे कुणी नेहमीसाठी करू नका, त्या वायरीला फ्यूज नव्हता.

घरी आल्या आल्या, गाडी तापलेली असतानाच मीटर लावला. इथे मूळ चूक समजली. इंजिन थांबलं तेव्हा पॉईंट उघडे राहिले असतील तर कॉईलमधून करंट वाहतच नाही, आणि करंट वाहत नसेल तर खराब जॉईंटवर व्होल्टेज पडतच नाही. मीटर १२.५ दाखवणारच. टेस्ट लॅम्पचंही तेच, त्याचा छोटा बल्ब अर्धा अँपियरही खात नाही. नळ बंद असताना पाइपला किती प्रेशर आहे हे बघून काय कळणार, पाणी सोडून बघायला हवं. म्हणून चौथा गिअर टाकून गाडी हाताने जराशी ढकलली, पॉईंट मिटले, चावी ऑन, आणि पुन्हा मोजलं: कॉईलच्या प्लसला ९.७ व्होल्ट. बॅटरीवर १२.५. मधले २.८ व्होल्ट वाटेत गडप.

वाट तुकड्यातुकड्याने मोजली. बॅटरी ते इग्निशन स्विच ०.३. स्विच ते कॉईल ०.३. स्विचच्या आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पिनांच्या मध्ये २.२. चोर सापडला.

आकडे बघा, कारण दुखणं गरम झाल्यावरच का दिसायचं ते यातून कळतं. माझ्या कॉईलचा प्रायमरी रेझिस्टन्स गार असताना ३.१ ओहम, तापल्यावर ३.७, कारण तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो. गार कॉईलला पूर्ण व्होल्टेज मिळालं तर ४ अँपियर. तापलेल्या कॉईलला ९.७ व्होल्ट मिळाले तर २.६. कॉईलमध्ये साठणारी ताकद करंटच्या वर्गावर ठरते, म्हणजे स्पार्कची ताकद निम्म्याहूनही खाली, ४० टक्क्यांच्या आसपास. त्यात सेल्फ मारताना बॅटरी स्वतःच १० व्होल्टच्या घरात उतरते, म्हणजे कॉईलच्या नशिबी ८ सुद्धा नाहीत. आणि स्विचमध्ये अडकलेली ताकद जाते कुठे? तिथेच उष्णता होते, जॉईंट तापतो, तापला की आणखी सैल होतो. निवायला अर्धा तास. तोच तो पंच्याचा अर्धा तास.

डॅशबोर्डखालून स्विच काढला तेव्हा एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं, कनेक्टर काळा, आणि त्यावर नखाने टोकरलं की कोळशासारखी पूड. चाळीस वर्षांत कॉईल, गेज, वायपर आणि नंतर अल्टरनेटरची फील्ड, सगळं याच एका पिनेतून प्यायला लागलं होतं.

कनेक्टर नवा लावला, पिना पॉलिश पेपरने घासल्या. पण मूळ स्विचवरचं ओझं कमी करायचं म्हणून रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवला: बॅटरीपासून १५ अँपियरचा फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची वायर ३० नंबरच्या पिनेला, ८७ मधून कॉईलला, ८६ ला इग्निशन स्विचची जुनी वायर, ८५ अर्थ. स्विचला आता फक्त रिले ओढायचा आहे. रिले बॅटरीमागे लपवला, कारण ओरिजिनलवाले बघितले की नाक मुरडतात. कॉईलला १२.३ व्होल्ट, पॉईंट मिटलेले असताना. गाडी चालू केली, स्लो इतका गुळगुळीत की बॉनेटवर चहाचा कप ठेवला. मग खुशीत चावी बंद केली.

गाडी चालूच.

चावी काढून हातात घेतली. गाडी चालूच. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, आता हिला बंद कसं करायचं ते शिकायचं राहिलं का?" चौथा गिअर, ब्रेक दाबून क्लच सोडला, गचका देऊन थांबली.

रात्रभर वायरिंगचा कागद घेऊन बसलो. दोषी होता चार्जिंगचा लाल दिवा. त्याचं एक टोक इग्निशनच्या वायरीला, दुसरं अल्टरनेटरला. चावी बंद केली तरी फिरता अल्टरनेटर त्या दिव्यातून उलटा करंट सोडतो. दिव्यातून येणारा तो थेंबभर करंट कॉईल चालवायला कधीच पुरला नसता, म्हणून आधी कधी त्रास नव्हता. पण एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला तेवढा बास होतो. उपाय दोन-तीन रुपयांचा: दिव्याच्या वायरीत वन एन ४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), पट्टीची बाजू अल्टरनेटरकडे. दिवा पेटतो, उलटा करंट येत नाही, चावी काढली की गाडी गप्प.

बाकीची कामं थोडक्यात. पॉईंटवर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा होता, म्हणून पॉईंट आणि कंडेन्सर जोडीनेच बदलले, गॅप ०.४५ मिमी. प्लग ०.६. इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी हिरवी पडली होती. सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.९ व्होल्ट दिसत होते, पट्टी बदलून, बोल्टखालचा रंग खरवडल्यावर ०.१५. सेल्फचा आवाजच बदलला.

डायफ्राम ज्यांनी बसवून दिला त्या मिस्त्रींना हे सगळं सांगायला गेलो. साठीपुढचे आहेत, पद्मिनी डोळे मिटून खोलतात. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बगा सर, आमी पण पयल्यापासनं कॉईलवरच फडकं टाकत हुतो. पंपावर टाका म्हणून तुमाला कुणी सांगितलं?" आता यावर काय बोलणार. कॉईल गार केली की रेझिस्टन्स उतरतो, स्पार्क थोडा सुधारतो, हे बरोबरच आहे.

चाचणी जूनच्या पहिल्या रविवारी, मुद्दाम दुपारी. सोलापूर ते तुळजापूर, ४५ किलोमीटर, शेवटी घाट. डिकीत पाणी फक्त प्यायला. घाटात तिसऱ्या गिअरवर ट्रकच्या मागे अडकलो, नेमकी तीच परिस्थिती जिथे ती मान टाकायची. मिसिंग नाही. वर पोचल्यावर इंजिन बंद करून पाच मिनिटांत पुन्हा चावी मारली, लगेच चालू. आणखी तीनदा बंद-चालू केली, तेव्हा पार्किंगवाल्या पोराने विचारलं, "काका, काय बिघडलंय का?"

परत येताना अंधार पडला आणि पुढचं काम दिसलं, किंवा नीट दिसलं नाही असं म्हणू. हेडलाइट पिवळे. घरी मोजलं: इंजिन चालू, बॅटरीवर १३.९, बल्बच्या पिनेवर १०.८. तोच आजार, दुसरा स्विच. दोन रिले आणि चार मीटर वायर आणून ठेवली आहे, पावसाचा पहिला जोर ओसरला की डॅशबोर्ड पुन्हा खोलतो.