माल अडवण्याचा अधिकार कोणाचा?

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळतो. आमच्याकडच्या मुलाखती बहुधा एकाच रीतीने संपतात. आमचे प्रश्न झाले की एचआरच्या मॅडम "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" असे म्हणतात, आणि उमेदवार खुर्चीतून अर्धवट उठत "नाही मॅडम, सगळे समजले" असे उत्तर देतो. वास्तविक त्याला समजावे असे आम्ही काहीच सांगितलेले नसते. नोकरी देणाऱ्याला उलट प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, ही समजूत आपल्याकडच्या मुलामुलींच्या मनात इतकी घट्ट बसलेली आहे, की ज्या जागी पुढची काही वर्षे काढायची त्या जागेबद्दल ती अवाक्षरही न विचारता निघून जातात. याचे मला मनापासून वाईट वाटत आले आहे.

गेल्या मे महिन्यात तपासणी अभियंत्याच्या जागेसाठी मुलाखती होत्या. दुपारच्या सत्रात आलेल्या उमेदवाराने यांत्रिकी अभियांत्रिकीची पदविका घेतली होती आणि हिंगणा एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात तिने तीन वर्षे काम केले होते. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारताच तिने पिशवीतून वही काढली आणि "हो, थोडे विचारायचे आहे, चालेल ना?" असे शांतपणे म्हटले.

तिचा पहिला प्रश्न असा होता : "ही जागा नवीन निर्माण झाली आहे, की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली?" आधीचे अभियंता चाकणला गेले, असे मॅडमनी सांगितले. नागपूरची मुले अनुभव मिळाला की पुण्याकडे जातात, त्यामुळे हे उत्तर खोटे नव्हते. तिने पुढे विचारले, "आणि त्यांच्या आधीचे?" तेही सोडूनच गेले होते. प्रत्येक उमेदवाराने हा प्रश्न विचारावा असे मला वाटते, कारण त्याचे उत्तर ठोस असते आणि समोरच्याने ते टाळले तर त्या टाळण्यातूनही बरेच कळते. "कंपनीचे वातावरण कसे आहे?" असे विचारले असते, तर आम्ही "अगदी कुटुंबासारखे" म्हणालो असतो आणि तिच्या हाती काहीच लागले नसते.

दुसरा प्रश्न थेट माझ्या कामाचा होता. मोजमाप कक्षाचे तापमान उन्हाळ्यात किती राहते, वीज गेल्यावर वातानुकूलन चालू राहते का, आणि मशीनवरून आलेला भाग मोजण्यापूर्वी किती वेळ ठेवला जातो, हे तिला हवे होते. लांबीच्या मोजमापासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानले जाते. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी भाग ४५ अंशांवर असेल, तर तो २० अंशांवरच्या आपल्या लांबीपेक्षा सुमारे २९ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त भरतो. आमच्या काही भागांच्या मापात तर एकूण २० मायक्रॉनचाच फरक चालतो. नागपूरच्या मे महिन्यात हे पुस्तकी गणित राहत नाही. गरम भाग घाईने मोजला की चांगला माल बाद होतो आणि बाद व्हायचा माल पुढे जातो. अशा कक्षात काम करायचे की नाही, हे तिने ठरवणे अगदी रास्त होते. मी तिला कक्ष प्रत्यक्ष दाखवण्याची तयारी दर्शवली, आणि मुलाखतीनंतर तिने तो पाहिलाही.

त्यानंतर तिने जे विचारले, त्यामुळे तो दिवस माझ्या लक्षात राहिला. "तपासणीत एखादा लॉट नापास झाला, मी त्यावर होल्डचा, म्हणजे माल अडवल्याचा, टॅग लावला, आणि गाडी गेटवर उभी आहे म्हणून प्रॉडक्शनने तो मागितला, तर शेवटचा शब्द कोणाचा?" मी म्हणालो, "गुणवत्ता विभागाचा." त्याच वेळी आमचे प्लांट हेड म्हणाले, "ते परिस्थितीवर अवलंबून असते, शेवटी निर्णय प्रॉडक्शन मॅनेजर घेतात." एकाच टेबलावर दोन उत्तरे निघाली. तिने दोन्ही लिहून घेतली आणि त्यावर टिप्पणी केली नाही.

पगाराबद्दलचे तिचे प्रश्न थोडक्यात आटोपले. सांगितलेल्या वार्षिक आकड्यात भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा १२ टक्के वाटा आणि मूळ वेतनावरची ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीची तरतूद धरली आहे का, असे तिने विचारले. दोन्ही धरले होते. मग हातात प्रत्यक्ष किती पडेल, ते मॅडमनी तिथेच हिशेब करून सांगितले.

ती गेल्यावर प्लांट हेड नाराजीने म्हणाले, "हिला नोकरी हवी आहे, की आपले ऑडिट करायचे आहे?" मी त्यांना सांगितले, की या जागेसाठी आपल्याला असेच माणूस हवे आहे. मुलाखतीत, जिथे सगळी सत्ता आपल्या हाती असते, तिथे जी अडचणीचा प्रश्न नीट विचारू शकते, तीच दुसऱ्या पाळीत सुपरवायझरला "हा माल जाणार नाही" असे सांगू शकेल. आधीचे अभियंते केवळ पगारासाठी गेले असे आपण समजतो. पण टॅग लावायचा त्यांनी, काढायचा दुसऱ्यानेच, आणि ग्राहकाची तक्रार आली की खुलासा पुन्हा त्यांनीच द्यायचा, हेही त्यामागे असणार. प्लांट हेड बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी प्रॉडक्शन मॅनेजरना बोलावून घेतले आणि आमची चर्चा पाळी बदलेपर्यंत चालली.

चार दिवसांनी कार्यपद्धतीत बदल झाला. होल्डचा टॅग गुणवत्ता विभागाच्या सहीशिवाय निघणार नाही, आणि नापास माल अपवाद म्हणून पाठवायचाच असेल तर ग्राहकाची लेखी संमती लागेल, असे ठरले. नियुक्तीपत्रासोबत त्या कलमाची प्रत तिला पाठवण्यात आली. तिने होकार कळवला, मात्र दुसऱ्या पाळीनंतर घरी पोहोचवण्याची सोय हवी, या एका अटीवर. दुसरी पाळी रात्री ११ वाजता सुटते आणि आमची बस छत्रपती चौकापर्यंतच जाते, तर तिचे घर मानेवाड्याच्या पुढे आहे. रात्री उशिरापर्यंत महिलांना कामावर ठेवायचे, तर त्यांना सुरक्षित घरी पोहोचवण्याची जबाबदारी कारखान्याचीच असते, त्यामुळे तिची अट योग्यच होती. बसचा मार्ग वाढवण्याचा प्रस्ताव अजून मंजुरीसाठी अडकून आहे. तोवर तिला जनरल शिफ्टमध्येच ठेवले जाईल, असे मॅडमनी पत्रात लिहून दिले आहे.