एकटं पडलेल्या माणसाला काय काय माफ?

आमच्या ग्रुपवर परवा एकजण ‘पॅसेंजर्स’ बघून म्हणाला काय जोडी आहे राव, आणि मी लिहिलं की अरे जोडी कसली, त्यानं तिला मारलंय, फक्त मरायला तिला पन्नाससाठ वर्षं लागणारेत. मग जे भांडण लागलं ते दोन दिवस चाललं. म्हणून इथं नीट लिहायलोय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, २०१६ चा पिक्चर आहे. १२० वर्षांचा प्रवास, जहाजात ५००० प्रवासी पेट्यांमधी झोपलेले, आणि जिम नावाच्या मेकॅनिकची पेटी बिघडते आणि गडी ९० वर्षं आधीच जागा होतो. परत झोपायची सोय नाही, पृथ्वीला मेसेज टाकावा तर उत्तर येईस्तोवर हा म्हातारा. वर्षभर एकटा काढतो, बोलायला फक्त एक रोबोट बारवाला, तो हसून ऐकून घेतो आणि ग्लास पुसत राहतो. दाढी वाढते, जीव द्यायला एअरलॉकपाशी, म्हणजे जहाजाबाहेर पडायच्या दारापाशी जातो आणि तिथून माघारी येतो. मग त्याला झोपलेल्यांतली अरोरा दिसते, लेखिका, तिचे व्हिडिओ बघत बसतो, नको नको म्हणत शेवटी पेटी उघडतोच. वर तिला वाटू देतो की तुझीबी आपोआपच बिघडली.

इथपर्यंत पिक्चर एक नंबर आहे, खरंच. तो वर्षभराचा भाग मी परत परत बघतो. पण मग बनवणारे घाबरले. जहाजच बिघडायला लागतं, वाचवायला दोन माणसं लागतात, म्हणजे तिला उठवलं ते बरंच झालं की, नायतर ५००० जण गेले असते! झालं, हिशोब मिटला. त्यानं पेटी उघडली तेव्हा त्याला यातलं काय माहीत होतं? काही नाही. त्याला बायको पाहिजे होती. आमच्या ग्रुपमधले म्हणायलेत की तू वर्षभर एकटा राहून बघ, मग बोल.

वर्षभर नाही राहिलो, पण माझी ड्युटी ३३ केव्ही सबस्टेशनला आहे, गावापासून लांब माळावर, आणि रात्रपाळीला एकटाच असतो. तासातासाला रीडिंग लिहायचं, बाकी ट्रान्सफॉर्मरची घुंई आणि कुत्री. थंडीत मध्यरात्रीनंतर फोन सुरू होतात, साहेब लाईट सोडा की, हरभऱ्याला पाणी द्यायचंय, मोटरीवर बसून हातपाय गारठलेत. खोटं नसतं त्यांचं. पण त्या फीडरवर, म्हणजे त्यांच्याकडं जाणाऱ्या लाईनवर, लाईनमन परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी) घेऊन गेलेला असतो, अंधारात कुठल्या तरी पोलवर चढलेला, आणि त्याचा फोन लागत नाही. एवढ्या वेळात झालं असंल काम, असं डोक्यात येतंच, आणि तो माणूस समोर नसतो ना, त्यामुळं जास्तच येतं. परमिट परत येईपर्यंत फीडर सोडायचा नाही हा नियम कुणी शहाण्यानं केलाय, कारण रात्री दोनला ऑपरेटरच्या मनाचा काय भरवसा. जिमच्या जहाजावर असलं काही नव्हतं. अरोरा झोपलेली, नाही म्हणायला तिला तोंडच नव्हतं.

आता ‘मून’ घ्या, २००९ चा, डंकन जोन्सचा. माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात सरळ पिक्चर. सॅम बेल चंद्रावर तीन वर्षांच्या करारावर एकटाच हेलियम-३ नावाचं इंधन काढायच्या कामाला, बायकोचे रेकॉर्ड केलेले मेसेज बघत दिवस मोजतो. पृथ्वीशी थेट बोलायची सोय बिघडलीय म्हणून त्याला सांगितलेलं, आणि खरं म्हणजे कंपनीनंच ती अडवून ठेवलेली. (इथं मला ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आठवली, एवढा हंगाम फेडला की सुटलास, आणि हंगाम काय सरत नाही.) पुढं कळतं की सॅम हा क्लोन आहे, तळघरात त्याच्यासारखे कितीतरी झोपलेत, आणि तीन वर्षांनी घरी कुणी जातच नाही.

मग दोन सॅम एकत्र येतात, एक आजारी, एक ताजा. कंपनीची माणसं यायलीत, आणि सुटायचं तर त्यांना अपघात झालेल्या रोव्हरमधी (चंद्रावरच्या गाडीत, आजारी सॅम तिथंच सापडलेला) एक मढं दिसायला पाहिजे, म्हणून तिसऱ्याला उठवायचं आणि मारायचं असा बेत होतो. उठवतातबी! पण आजारी सॅम म्हणतो, तुझ्याच्यानं मारणं होणार नाही, मला माहितीय, कारण माझ्याच्यानं झालं नसतं. आणि स्वतःच परत त्या रोव्हरमधी जाऊन बसतो. कुणी भाषण देत नाही, संगीत वाजवून रडवत नाही. तिथला गर्टी नावाचा रोबोटबी बारवाल्यासारखा नुसता ऐकून घेत नाही, तो सॅमला पासवर्ड टाकून देतो.

‘ग्रॅव्हिटी’वर (अंतराळात एकटी अडकलेली बाई) लिहीत नाही, मस्त आहे पण त्यात निवडायला वेळच नसतो, नुसती धावपळ.

‘इंटरस्टेलर’वर (२०१४, माणसांना राहायला नवा ग्रह शोधायला निघालेल्यांची गोष्ट) मात्र थोडा रागच आहे माझा. त्यातला डॉ. मान सगळ्यांना आठवतो, आधीच पाठवलेला, बर्फाच्या ग्रहावर एकटा पडला आणि कुणीतरी न्यायला यावं म्हणून ग्रह राहण्याजोगा आहे असा खोटा डेटा पाठवला. मॅट डेमननं केलाय, त्याला रडायला, बोलायला, धाप लागून पळायला भरपूर वेळ दिलाय, लोक म्हणतात बिचारा, एकटेपणानं असं होतं माणसाचं. आणि रोमिली, शोधायला निघालेल्या जहाजावरचा शास्त्रज्ञ? बाकीचे ज्या पाण्याच्या ग्रहावर उतरले तिथला एक तास म्हणजे वरची सात वर्षं, आणि हा जहाजावर २३ वर्षं एकटा थांबला. दाढी पांढरी झाली. झोपून काढायची सोय होती त्याच्याकडं, थोडी वापरली, मग बंद केली आणि जागा राहून ब्लॅक होलचा अभ्यास केला. कुणाला फसवलं नाही, जहाज घेऊन पळाला नाही. ते परत आले तर दार उघडून बोलायला लागला, बास, दोनतीन मिनिटांत त्याचा सीन संपला.

वर तो मरतो कशानं, तर मानच्या रोबोटच्या स्फोटात, मानचं खोटं उघडं पडू नये म्हणून लावलेल्या. दोघंबी एकटेच होते ना? मग ‘एकटेपणानं असं होतं’ हे कुणाला लावायचं? ग्रुपवर हे विचारलं तर एकानं उलट विचारलं, रोमिली म्हणजे कोण बे?

मला त्या २३ वर्षांचा पिक्चर पाहिजे. अडीच तासांचा, एक माणूस आणि एक जहाज, स्फोट नको, हिरोईन नको. कुणी काढला असंल कुठल्याबी भाषेत तर नाव कळवा, सबटायटल नसले तरी चालतील.