विहिरीतलं हाड निघालं त्रिचीचं

शनिवारी प्रॅक्टिकल चालू असताना एस.वाय.चा एक पोरगा चुलत्यांना घेऊन लॅबच्या दारात उभा राहिला. "सर, आबा आलेत, विहिरीत हाड गावलंय म्हणत्यात."

मी विट्याच्या बाजूला एका कॉलेजात झूऑलॉजी शिकवतो, त्यामुळे हाड घेऊन येणारी माणसं मला नवीन नाहीत. बहुतेक वेळा बैलाचा दात असतो नाहीतर म्हशीच्या पायाचं हाड, आणि वाघनख म्हणून आणलेला रानडुकराचा सुळा पण बघून झालाय. पण आबांनी पिशवीतनं जे काढून टेबलावर ठेवलं ते बघितलं आणि मी पोरांना म्हणालो, बेडकाचे सांगाडे जरा बाजूला सारा रे.

तळहातावर मावेल एवढी गोल, जाडसर चकती होती. भाकरीच्या पिठाच्या गोळ्याला दोन्हीकडनं अंगठा दाबल्यावर होतं तसं, दोन्ही बाजूंनी मधोमध खोल गेलेली. कडेचा एक टवका उडालेला होता, तिथं भिंग लावलं तर आत हाडाची बारीक जाळी स्पष्ट दिसत होती आणि तिची भोकं खनिजानं भरून गेलेली. म्हणजे हाड हे नक्की, आणि दगड झालेलं हे पण नक्की.

असली चकती म्हणजे मणक्याचा मधला भाग. आता मणक्याच्या तोंडाचा आकार बघून प्राणी ओळखायचा हे आमच्या सिलॅबसमध्येच आहे. पोरं प्रोसीलस, अँफिसीलस असं परीक्षेपुरतं घोकतात आणि विसरतात. पुढून खोल, मागून फुगीर ती बेडकाची तऱ्हा. सस्तन प्राण्यांचे मणके दोन्हीकडनं जवळजवळ सपाट. दोन्हीकडनं खोल म्हणजे अँफिसीलस, मग पहिला संशय माशावर जातो. "शार्क असंल सर," एक पोरगी बोलली आणि ती अगदीच चुकीची नव्हती, शार्कचे मणके असेच दिसतात. पण ते कूर्चेचे असतात, त्यात कॅल्शियम बसलेलं असतं एवढंच, हाडाची अशी जाळी त्यात मिळत नाही. वरच्या अंगाला मज्जारज्जूची उथळ पन्हाळ होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना मणक्याची कमान टेकायच्या जागा, म्हणजे कमान चकतीला एकजीव झालेलीच नव्हती, निखळून गेली होती. आणि कुशीला, प्रत्येक बाजूला एकाखाली एक असे दोन उंचवटे, बरगडी टेकायचे. प्लेसिओसॉर, म्हणजे समुद्रातला दुसरा एक जुना सरपटणारा प्राणी, म्हणावं तर त्याच्या मणक्याची तोंडं बरीच सपाट असतात आणि पोटाकडच्या अंगाला दोन बारीक भोकं दिसतात, ती इथं नव्हती. मग मी फळ्यावर लिहिलं, इक्थिओसॉर. धडाचा मणका, कारण शेपटाकडं गेलं की ते दोन उंचवटे जाऊन एकच उरतो.

तेवढ्यात मोबाईल वाजला. गावातल्या कुणीतरी एका बातमीदाराला आधीच कळवलं होतं. "सर, डायनासोर म्हणून लावू का?" म्हटलं थांबा हो जरा, डायनासोर तर नाहीच हा. इक्थिओसॉर समुद्रात राहणारे, हवेत श्वास घेणारे, पाण्यातच पिल्लं घालणारे सरपटणारे प्राणी, त्यांची शाखाच वेगळी. ते साधारण 25 कोटी वर्षांपूर्वी आले आणि 9 कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास संपले पण, डायनासोर जायच्या कितीतरी आधी. तो म्हणाला मग मथळा काय देऊ. फोन ठेवला.

खरी अडचण मथळ्याची नव्हतीच, विहिरीची होती. आपल्याकडं विहीर खणली की काय लागतं हे पोरालासुद्धा माहिती असतं, माती, मुरूम, मग काळा पाषाण. तो सगळा लाव्हा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे इथला दगड तयार व्हायला लागला तेव्हा शेवटचा इक्थिओसॉर मरून दोन-अडीच कोटी वर्षं होऊन गेली होती. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे कुठं कुठं तळ्याचा गाळ सापडतो, मुंबईत वरळीच्या टेकडीत बेडकांचे जीवाश्म मिळालेत तसं, पण ते गोड्या पाण्यातले प्राणी, समुद्राचा त्यात काही संबंध नाही.

मी आबांना तोंडावर खोटं म्हणणार नव्हतो. नुसतं विचारलं, पिशवीत अजून काय आहे का. त्यांनी पिशवी उलटी केली तर पिवळट मातीचं ढेकूळ पडलं, त्यात चमकणारे जिप्समचे पापुद्रे, आणि बंदुकीच्या गोळीसारखा एक लांबुडका दगड. बेलेम्नाइट! माकुळाचा जुना भाऊबंद, पक्का समुद्रातला. त्याच्यावर ॲसिडचा एक थेंब टाकला, फसफसलं. मणक्याच्या तुटक्या कडेला टाकला, जवळजवळ काहीच नाही, कारण हाड फॉस्फेटचं.

आबा एवढा वेळ गप्प होते, ते एकदम पुढं वाकले. "आमी बी सोनं असंच बघतो सर, ॲसिड टाकून."

मग उलगडा झाला. खानापूर-आटपाडीकडच्या घराघरातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आबांची पण तिकडं तमिळनाडूत, त्रिचीत गलाई, आता पोरगा बघतो. तो सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल घेऊन पेरांबलूर जिल्ह्यात कराई गावाजवळ जातो, तिथं नुसत्या मातीच्या ओघळी पडलेल्या आहेत, उघडंबोडकं रान, आणि असले दगड वेचून आणतो. दिवाळीला येताना हे आणलेलं. "मग विहीर कुठनं आली आबा?" तर म्हणाले, "तिकडचं म्हटल्यावर कोण बघतंय सर, आपल्या गावाचं नाव झालं असतं."

खरं सांगायचं तर मला राग यायच्या ऐवजी आनंदच झाला, कारण कराई म्हटल्यावर सगळंच जुळलं. तिथली माती साधारण 10 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा गाळ आहे, तो भाग जीवाश्मांसाठी इंग्रजांच्या काळापासून प्रसिद्ध आहे, आणि इक्थिओसॉर तिथं याआधी मिळालेले आहेत.

आबांचा पुतण्या वही घेऊन तयारच होता. "मग सर जात कुठली लिहायची?" इथं मी अडून बसलो. 1879 मध्ये लायडेकर या इंग्रज जीवाश्मतज्ज्ञानं त्याच त्रिचीच्या भागातल्या मणक्यांवरनं इक्थिओसॉरस इंडिकस असं नाव ठेवलं, पुढं ते प्लॅटिप्टेरिजिअस या प्रजातीत टाकलं गेलं, आणि आता ते नाव संशयास्पद धरतात, कारण असले मणके कितीतरी इक्थिओसॉरांचे सारखेच असतात. जात ठरते ती कवटीवरनं, दाताच्या मुळाच्या आकारावरनं, आणि दंडाच्या हाडाला खाली किती हाडं जोडली जातात त्यावरनं. कच्छमध्ये लोडाईला जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला, साडेपाच मीटरच्या आसपासचा, 2017 ला दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. व्ही. आर. प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तो जगापुढं आणला, ज्युरासिक काळातला भारतातला पहिला इक्थिओसॉर. तो पण ऑफ्थॅल्मोसॉरिडी कुळातला असावा इथपर्यंतच ते गेले, नवी जात काढली नाही. आणि इंग्लंडात 1811-12 ला जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग आणि तिच्या भावानं इक्थिओसॉरचा सांगाडा काढला तेव्हा कवटीसकट सगळं समोर असूनसुद्धा एव्हरार्ड होम हा मोठा सर्जन वर्षानुवर्षं गोंधळत राहिला, मासा म्हणू का प्लॅटिपसचा नातलग म्हणू. शेवटी 1819 ला त्यानं प्रोटिओसॉरस नाव दिलं, तर ब्रिटिश म्युझियमच्या कोनिगनं ठेवलेलं इक्थिओसॉरस आधीच रूढ व्हायला लागलेलं. आणि आपण एका चकतीवर जात लिहायची म्हणे!

लेबलवर लिहून घेतलं: इक्थिओसॉरिया, धडाचा मणका, प्रजाती व जाती अनिश्चित, ठिकाण कराई परिसर, सांगण्यावरून. "सांगण्यावरून" लिहिताना जिवावर आलं, कारण कुठल्या ओघळीत, कुठल्या थरात होतं हे कळलं असतं तर त्या चकतीची किंमत दसपट झाली असती.

मग आबांच्या पोराला तिथनंच व्हिडिओ कॉल लावला. मागं भट्टी पेटलेली, बोलणं अर्धं मराठी अर्धं तमिळ. त्याला सांगितलं, पुन्हा गेलास तर उचलायचं नाही, आधी शेजारी नाणं ठेवून फोटो, मग लोकेशन पाठव, पुढचं जिऑलॉजीवाले बघतील, आणि दात कुठं दिसतोय का तेवढं बघ. तो हो हो म्हणाला. आबांनी फोन हातातनं घेतला आणि ओरडले, "दात बघ पण दुकान बंद ठेवून जाऊ नकोस!"