सरळ न होणारी मान

“खुब्याचंच तर ऑपरेशन आहे मॅडम, स्पायनल देऊन टाका,” सर्जन फोनवर म्हणाले होते. स्पायनल म्हणजे पाठीत सुई घालून कमरेखालचं अंग बधिर करणं. मी भूलतज्ज्ञ. आदल्या संध्याकाळी पेशंटला पाहिलं आणि स्पायनलचा विचार तिथेच सोडला.

चाळिशीचे गृहस्थ, आजार अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. यात मणक्यांना जोडणारे बंध हाडासारखे कडक होत जातात, एक्स-रेवर कणा पेरापेरांचा बांबू दिसतो. त्यांची मानही पुढे वाकून गोठलेली, हनुवटी छातीला जवळजवळ टेकलेली. समोर बघायचं तर गुडघे वाकवून सगळं अंग मागे न्यायचे. पाठ विशीतच धरायला लागली होती. सकाळी ताठ, हिंडल्याफिरल्यावर बरी. एवढं ऐकून तरी कुणाला शंका यायला हवी होती. वर्षानुवर्षं हाती पडल्या त्या वेदनाशामक गोळ्या आणि ‘कामामुळे होतं’ हे उत्तर. याचा मला अजून राग आहे.

अशा कण्यात मधून सुई घातली तर हाडावरच आपटते. बाजूने कधी कधी जाते, नाही असं नाही. पण मला भीती सुईची नव्हती. पेशंट कुशीवर, खुबा उघडलेला, आणि भूल अपुरी पडली किंवा कृत्रिम सांधा बसवायचं सिमेंट भरताना बीपी कोसळलं, तर त्या क्षणी श्वासनलिकेत नळी कशी घालणार? तोंडातून स्वरयंत्र दाखवणाऱ्या लॅरिंगोस्कोपला मान मागे जावी लागते. ही मान थोड्या जोरानेही मोडू शकते, आणि मज्जारज्जू दुखावला तर माणूस मानेखाली लुळा. सगळं फसलं तर गळ्याला पुढून छेद द्यायचा, हा आमचा शेवटचा उपाय. इथे हनुवटीखाली गळ्यापर्यंत बोट पोचत नव्हतं.

म्हणून जागेपणीच नळी, नाकातून, फायबरऑप्टिक स्कोपवर, म्हणजे बारीक लवचिक दुर्बिणीवर. सर्जनना हे वेळखाऊ वाटलं. भुलीला लागलेला वेळ आपल्याकडे वाया गेलेला वेळ समजतात.

टेबलावर घेताना वॉर्डबॉय मामांनी सवयीने डोकं खाली टेकवायला हात लावला, मी जवळजवळ ओरडलेच. डोकं अधांतरीच राहत होतं. घड्या घातलेल्या चादरी एकावर एक रचून ते आहे तिथेच टेकवलं आणि पाठ उंच केली. लाळ सुकवायला ग्लायकोपायरोलेट, नाक मोकळं करायला झायलोमेटाझोलिनचे थेंब, बधिर करायला लिग्नोकेनचं नेब्युलायझेशन, मग घशात फवारा; वजनावर एकूण डोस मोजत. एका नाकपुडीतून ऑक्सिजन चालू. गुंगीचं डेक्समेडेटोमिडीन हळूहळू, इतकंच की ते शांत राहतील पण सांगितलेलं ऐकतील.

नेहमी मी डोक्यामागे असते, इथे त्यांच्यासमोर उभी राहिले. स्वरयंत्र दिसलं. “दादा, मोठा श्वास घ्या.” स्वररज्जू उघडले, त्यावर लिग्नोकेन सोडलं, ठसका ओसरू दिला आणि आत गेले. श्वासनलिकेच्या कड्या, मग ती दोन फाट्यांत फुटते ती जागा. स्कोपवरून नळी सरकवली. कॅप्नोग्राफवर बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची लाट उमटली, म्हणजे नळी श्वासनलिकेतच आहे हे कळल्यावरच झोपेचं औषध दिलं. पुढची शस्त्रक्रिया सरळ पार पडली. नळी काढायची घाई मात्र मी करू दिली नाही. या आजारात फासळ्याही आखडतात, श्वास सगळा पोटावर चालतो. पूर्ण जागे झाले, सांगितल्यावर हात घट्ट दाबला, तेव्हाच काढली.

केस चांगली झाली. तरी ती डोक्यातून जात नाही, कारण आमच्याकडे तयारीला वेळ होता. उद्या हेच गृहस्थ गाडीवरून पडले तर? १०८ येईल, कुणी मनापासून, शिकवल्याप्रमाणे, त्यांना सपाट निजवेल, मान सरळ करून कॉलर बांधेल. इतरांची मान ज्याने वाचते, त्यानेच यांची मोडेल. यांची सरळ म्हणजे वाकलेलीच.

डिस्चार्जच्या दिवशी मी लेटरहेडवर लिहून दिलं: मान जन्मभर अशीच, सरळ करू नये, आहे तशीच आधार देऊन ठेवावी, भूल देण्याआधी जागेपणी नळीची तयारी ठेवावी, कोणत्या मापाची नळी कोणत्या नाकपुडीतून गेली. त्यांच्या पत्नीकडून ते मोठ्याने म्हणवून घेतलं.

“पण मॅडम, तिथे माझं कोण ऐकणार?”

कॅज्युअल्टीत बायकांचं किती ऐकून घेतात हे मी रोज बघते. म्हणून तो कागद लॅमिनेट करून पाकिटात घालायला लावला, त्याचा फोटो दोघांच्या मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर लावला, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना स्वतः फोन केला.