हात मागे बांधून उभे राहण्याचे शिक्षण

शाळेतील स्काऊट पथक माझ्याकडे आले त्यात माझ्या आवडीचा वाटा फार थोडा होता. जून महिन्यातील पहिल्या बैठकीत मुख्याध्यापक कामांची वाटणी वाचून दाखवत होते. परीक्षा विभाग, पोषण आहार, सहल, वृक्षारोपण असे करत ते ‘स्काऊट’ या शब्दाशी थांबले, त्यांनी चष्म्यावरून सर्वांकडे पाहिले आणि त्यांची नजर सर्वांत नव्या शिक्षकावर, म्हणजे माझ्यावर, येऊन टेकली. पुढे सातारा जिल्ह्यातील ज्या ज्या प्रशिक्षण वर्गांना मी गेलो, तेथे ‘तुम्ही यात कसे आलात?’ या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ‘आदेश निघाला’ असेच होते. स्काऊट चळवळीत मुलांबरोबर काम करणारा प्रौढ माणूस स्वयंसेवक मानला जातो, आणि आमच्यातले बरेच स्वयंसेवक असे आदेशाने तयार झालेले असतात. यात मी कोणाला दोष देत नाही, कारण आदेशाने आलेला माणूसही पुढे मनापासून रमू शकतो. मात्र तसे होण्यासाठी त्याला जे शिकावे लागते, ते शिक्षकाच्या अंगवळणी पडलेल्या सवयींच्या नेमके उलट असते, हे मला फार उशिरा कळले.

पहिले वर्षभर मी पथक कवायतीसारखे चालवले. शिट्टी माझी, रांग माझी, खेळ मी ठरवायचा आणि गुणही मीच लिहायचे. स्वातंत्र्यदिनाला ध्वजासमोर मुलांनी एका तालात सलामी दिली, पाहुण्यांनी कौतुक केले, आणि आपले पथक उत्तम आहे असा माझा समज झाला. पथकाचे चार संघ पाडले होते, प्रत्येक संघाला एक संघनायकही नेमला होता. पण त्या बिचाऱ्याचे काम वर्गातील मॉनिटरहून अधिक काही नव्हते. (आमच्याकडे संघाला सर्रास ‘पेट्रोल’ म्हणतात. ‘पोरगा पेट्रोल लीडर झालाय’ हे ऐकून एका आजोबांनी ‘एवढ्या लहान वयात पंपावर कशाला?’ असे मला विचारले होते.)

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सात दिवसांच्या ‘बेसिक’, म्हणजे स्काऊट शिक्षकांच्या पायाभूत प्रशिक्षण वर्गासाठी माझे नाव गेले. या वर्गात गाठी, दिशाज्ञान, प्रथमोपचार, तंबू, स्वयंपाक आणि शेकोटी यांचे पाठ मिळतील अशी माझी अपेक्षा होती, आणि ते मिळालेही. परंतु पहिल्याच संध्याकाळी आम्हा प्रौढांचे संघ पाडण्यात आले, त्यांना प्राण्यांची नावे मिळाली, आणि पन्नाशीला टेकलेले, घराचे हप्ते फेडणारे, घरी कोणाचे फारसे न ऐकणारे आम्ही सगळे वाघ, गरुड आणि हत्ती झालो. संघनायक रोज बदलायचा आणि दुसऱ्या दिवसाची पाळी माझी होती. पहाटेचा चहा आमच्या संघाकडे होता. लाकडे रात्रभर दवात पडली होती आणि चूल काही केल्या पेटेना. गळ्यात लाकडी मणी असलेले आमचे प्रशिक्षक दहा हातांवर हात मागे बांधून उभे होते. त्यांनी ना काडी दिली, ना सल्ला. त्या दिवशी अख्ख्या वर्गाने बिनचहाचे ध्वजवंदन केले. संध्याकाळी कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, त्यांनी मला एवढेच विचारले, “उद्याची पाळी कोणाची? आणि लाकडे आज रात्री कोठे ठेवणार?”

त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. पाठ म्हणून सांगितलेले बरेचसे मी विसरून गेलो आहे, पण ती न पेटलेली चूल अजून लक्षात आहे.

हे काही त्या एका प्रशिक्षकाचे वैशिष्ट्य नव्हते. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावर स्काऊट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल याने पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तेव्हा त्याने वीसेक मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघ एकेका मुलाच्या हाती सोपवला. श्रीमंत घरातील आणि कामगार वस्तीतील मुले त्यात एकत्र होती. मुलांची पथके त्यानंतर झपाट्याने उभी राहिली. मोठ्या माणसांच्या शिक्षणाची पक्की सोय मात्र बारा वर्षांनी झाली. मॅक्लारेन नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने दिलेल्या पैशांतून लंडनजवळचे गिलवेल पार्क विकत घेतले गेले आणि सप्टेंबर १९१९ मध्ये तेथे स्काऊट मास्तरांचा पहिला वर्ग भरला. त्या वर्गातही प्रौढांना संघांत राहून मुलांसारखेच सारे करावे लागले. वर्ग पुरा करणाऱ्यांना बेडन-पॉवेलने आफ्रिकेतून आणलेल्या माळेतील लाकडी मणी दिले. ती माळ झुलू राजा दिनुझुलूची होती असे सांगतात. ती बेडन-पॉवेलच्या हाती कशी आली याच्या एकाहून अधिक कथा आहेत, आणि त्यांपैकी एकही माझ्या मते फारशी अभिमानाची नाही. आपल्याकडे बेसिक आणि ॲडव्हान्स या पायऱ्यांनंतर जो हिमालय वुड बॅज, म्हणजे प्रशिक्षित स्काऊट शिक्षकाचे मानचिन्ह, मिळतो, त्याचे दोन मणी हे त्याच मण्यांचे वंशज. सहायक प्रशिक्षकाला तीन आणि पूर्ण प्रशिक्षकाला चार मणी असतात. गिलवेलच्या स्कार्फवर मॅक्लारेन घराण्याच्या चौकड्याच्या कापडाचा तुकडा आजही असतो.

भारतात १९०९ मध्ये स्काऊटिंग आले तेव्हा ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते. १९१६ मध्ये ॲनी बेझंट आणि त्यांचे सहकारी जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासेत, आणि १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या माध्यमातून अलाहाबादेत भारतीय मुलांसाठी पथके उभी केली. पुढे वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली, आणि पुढच्या वर्षी मुलींची गाईड संघटनाही तिच्यात सामील झाली.

बेसिकहून परतल्यावर आपण आता बदललो आहोत अशी माझी खात्री होती. ती लिंबच्या शिबिरात उतरली. साताऱ्याजवळच्या लिंब गावात, बारामोटेच्या प्रसिद्ध विहिरीपासून काही अंतरावर, एका पालकांच्या आंब्याच्या राईत आम्ही दोन रात्रींचे शिबिर घेतले. प्रत्येक संघाने आपापला तंबू लावला. एका तंबूचे दोर सैल होते, हे मला दिसत होते. सायंकाळभर मी तोंड आवरले, पण रात्री दहाच्या सुमारास वारा सुटला तेव्हा राहवले नाही; मुले झोपल्यावर विजेरी घेऊन गेलो, खुंट्या पुन्हा ठोकल्या, दोर ताणून बांधले आणि समाधानाने झोपलो. सकाळच्या बैठकीत आठवीतला संघनायक उभा राहिला आणि अगदी आदराने म्हणाला, “सर, रात्री तंबू तुम्हीच बांधणार असाल, तर संध्याकाळी आम्हाला खेळू द्या.”

बाकीचे तीन संघनायक जमिनीकडे पाहत होते. माझ्या मनात आधी त्याला गप्प करण्याचा विचार आला, कारण शिक्षकाची पहिली प्रतिक्रिया तीच असते. नंतर विचार केला तेव्हा जाणवले, की मी फक्त दोर बांधले नव्हते. त्या मुलाचे नायकपद त्याच्याच सात सोबत्यांसमोर काढून घेतले होते. वारा सुटल्यावर मी त्यालाच हलवून उठवायला हवे होते आणि “तुझे दोर एकदा बघून येतोस का?” एवढेच विचारायला हवे होते. कदाचित तो गेला असता, कदाचित आळसाने पुन्हा झोपला असता आणि पहाटे तंबू अंगावर आला असता. आंब्याखाली कापडी तंबू अंगावर आल्याने कोणाला इजा झाली नसती.

पथकाचा सारा डोलारा सहा ते आठ मुलांच्या संघावर उभा असतो, असे प्रत्येक वर्गात सांगतात. आम्ही तो कागदावर मान्य करतो आणि मैदानावर मोडतो. आता मी पथकाच्या साप्ताहिक तासापेक्षा शुक्रवारच्या मधल्या सुट्टीतल्या अर्ध्या तासाची तयारी अधिक करतो. त्या वेळी फक्त चार संघनायक आणि मी असतो. गाठ मी त्यांना शिकवतो, ते संघाला शिकवतात. अजिंक्यताऱ्यावर कोणत्या वाटेने चढायचे, पाणी किती घ्यायचे, मागे राहणाऱ्याबरोबर कोणी थांबायचे, हे ते ठरवतात. पहिले काही महिने सारे माझ्या पद्धतीपेक्षा वाईट चालले, हे कबूल केले पाहिजे. तपासणीला आलेल्या एका साहेबांना आमच्या रांगा वाकड्या दिसल्या आणि त्यांनी तसा शेराही लिहिला.

मोठ्यांच्या या लुडबुडीचा सर्वांत केविलवाणा नमुना पाहायचा असेल तर ‘खरी कमाई’च्या दिवशी कोणत्याही शाळेत जावे. मुलांनी स्वतःच्या श्रमाने चार पैसे मिळवावेत, ही त्यामागची कल्पना आहे. प्रत्यक्षात आया पहाटे चारला उठून शंभर वडे तळतात, वडील ते गाडीवरून आणून पोहोचवतात, आणि स्कार्फ बांधलेला मुलगा फक्त सुटे पैसे मोजतो. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रुजवली, त्या गावात हे चित्र मला अधिकच टोचते. गेल्या वेळी आम्ही घरून तयार पदार्थ आणायला बंदी केली. काकडी चिरणे, लिंबू सरबत, शिक्षकांच्या सायकली-दुचाकी पुसणे, वह्यांना कव्हर घालणे इतकीच कामे ठेवली. कमाई निम्म्याहून कमी झाली आणि काही पालक नाराज झाले. माझी दुचाकी मात्र इतकी स्वच्छ कधीच झाली नव्हती.

हात मागे बांधणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे, हेही येथेच लिहिले पाहिजे. लिंबची विहीर पाहायला गेलो तेव्हा एकाही संघनायकाला मी काही ठरवू दिले नाही. पायऱ्यांवर पुढे एक मोठा माणूस, मागे एक, आत एका वेळी एकच संघ, उतरताना आणि चढताना मोजणी, आणि कठड्याजवळ फोटोला सक्त मनाई. पाणी, आग, कोयता आणि महामार्ग या चार ठिकाणी निर्णय मोठ्यांचाच असतो.

पाचवी बाब मोठ्यांच्या स्वतःच्या वागण्याची आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे संकोचामुळे बोलले जात नाही. मुलांच्या तंबूत मोठ्याने झोपायचे नाही, एका मुलाला किंवा मुलीला घेऊन बंद दाराआड बसायचे नाही, बोलायचे असेल तर सर्वांच्या नजरेच्या टप्प्यात बसून बोलायचे, आणि मुली असतील तेथे गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाच्या प्रमुख, बाईंशिवाय मुक्काम नाही, हे नियम आम्ही लिहून पालकांच्याही हाती दिले आहेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला मिळते त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘शाळेचे नाव खराब होईल’ ही सबब त्यात बसत नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे नियम अपमानास्पद वाटले. त्यांना मी सांगितले, की गुरुजी, हे नियम तुमच्यावरच्या अविश्वासापोटी केलेले नाहीत, उद्या तुमच्या जागी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी केलेले आहेत. ते पटले असे वाटत नाही, पण ते नियम पाळतात.

राहिला प्रश्न माणसांचा. बेसिक वर्गात म्हसवडकडचे एक गुरुजी माझ्या संघात होते. प्रशिक्षकांनी क्लोव्ह हिच नावाची गाठ दाखवली तेव्हा ते हसून म्हणाले, “आमच्याकडं हिला काय नाव न्हाई, पण हिनं बांधलेला बैल सुटत न्हाई.” ते वाक्य डोक्यात ठेवून परतल्यावर मी पालकांमध्ये माणसे शोधली. कोरेगाव रस्त्याला गोठा असलेले एक वडील आता मुलांना दोराचे काम शिकवतात, आणि त्यांच्या हाताचा वेग माझ्यात येणार नाही. रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक ताई प्रथमोपचार घेतात, एस. टी. तून निवृत्त झालेले एक वाहक काका पदभ्रमणात सर्वांत मागे चालतात आणि मोजणीत कधी चुकत नाहीत. दोन गोष्टी मात्र आम्ही पक्क्या केल्या आहेत. नव्या माणसाने पहिला महिना केवळ पाहायचे, आणि कोणत्याही पालकाने स्वतःच्या मुलाच्या संघाकडे जायचे नाही. दुसरी गोष्ट पाळणे सर्वांना जड जाते, विशेषतः जेवणाच्या वेळी.

गोठेवाल्या दादांनी बेसिक करावे अशी माझी फार इच्छा आहे, आणि त्यांचीही तयारी आहे. अडचण सात दिवसांची आहे. शिक्षकाला कर्तव्यरजा मिळते; म्हशीला ती कोण देणार? धारेच्या दोन वेळा, त्यात ऊसतोडीचा हंगाम, आणि वर्ग नेमके त्याच महिन्यांत, शाळांच्या सोयीने. तीन शनिवार-रविवार आणि अखेरचा एक मुक्काम अशी फोड करून वर्ग घेता येईल का, असे पत्र मी लिहिले आहे. तोपर्यंत दादांनी स्वतःच एक तोडगा सुचवला आहे: सात दिवस सकाळची धार मी काढायची. मला धार काढता येत नाही. पुढच्या रविवारी पहाटे पाचला त्यांनी मला गोठ्यावर बोलावले आहे.