तुम्ही विचारलंत म्हणून: बाथरूमसाठी कुठला साबण घेऊ?

नाशिकमध्ये गोदाकाठच्या सफाईला जाते म्हणून सोसायटीतल्या बायका, भाचीच्या मैत्रिणी, लग्नात भेटलेले नातेवाईक सगळे एकच विचारतात, "ताई, अंघोळीसाठी नदीला त्रास न देणारं काय घ्यायचं? नाव सांगा ना." नाव मी सांगत नाही. वेष्टन उलटं करून मागची बाजू वाचा, एवढंच सांगते.

पुढच्या बाजूला 'हर्बल' छापायला आणि कडुनिंबाची डहाळी काढायला फारसं काही लागत नाही. साबण असेल तर मागे 'टॉयलेट सोप' लिहिलंय की 'बेदिंग बार', ते आधी बघा. टॉयलेट सोपच्या ग्रेड 1 मध्ये टीएफएम, म्हणजे साबणातला स्निग्धांश, किमान 76 टक्के लागतो. ग्रेड 3 ला 60 टक्के पुरतो आणि बेदिंग बारला 40 टक्क्यांवरही भागतं. कमी टीएफएमची वडी बहुतेकदा साबणदाणीत लवकर लिबलिबीत होते आणि अंगाला लागण्याआधीच मोरीत वाहून जाते. कागदात गुंडाळलेली चांगली वडी मला बॉडीवॉशपेक्षा केव्हाही बरी वाटते. बॉडीवॉशमध्ये बरंचसं पाणीच असतं, आणि त्याच्या पंपात प्लास्टिकच्या पोटात पोलादी स्प्रिंग बसवलेली असते. ती वेगळी काढत कोण बसणार?

माझा खरा राग आहे तो शॅम्पूच्या पुडीवर. थरांचं प्लास्टिक असल्यामुळे भंगारवाला तिला हात लावत नाही. पुडी निदान घंटागाडीत तरी जाते, पण दाताने फाडलेला तो चिमुकला कोपरा जाळीतून सटकतो तो थेट गटारात. नाशिककर पुराची उंची ज्याच्यावरून मापतात त्या गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पावसाळ्यात पाणी लागून उतरलं की काठावरच्या झुडपांना चिखलाने माखलेल्या पुड्या लोंबत असतात. ओढायला गेलं की पुडी फाटते, अर्धी हातात येते, अर्धी मुळांत अडकून राहते. हे काम करून आलेलं माणूस पुन्हा पुडी विकत घेत नाही. महिन्याच्या पगारावर घर चालतं त्यांनी तरी मोठी बाटली घ्यावी. रोजंदारीवरच्या बाईला मी हे सांगणार नाही, तिच्यासाठी सुट्टा शॅम्पू मापून देणारं दुकान हवं.

'सल्फेट-फ्री'साठी जास्त पैसे मोजावेत का, हेही विचारलं जातं. टाळू कोरडी पडत असेल, डोळे चुरचुरत असतील तर जरूर मोजा. नदीसाठी म्हणून मोजू नका, कारण शॅम्पूत फेस करणारं सोडियम लॉरिल सल्फेट जिवाणू तसं लवकर फोडून टाकतात. नदीला जड जातात ते सांडपाण्यातले नत्र आणि फॉस्फेट. पाणवेली पोसतात त्या यांच्यावर. आपल्या मोरीतलं पाणी मलजल केंद्रातून गोदावरीत आणि पुढे नांदूरमधमेश्वरला पोचतं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. हिवाळ्यात तिथे दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जाणाऱ्यांनी कपड्यांच्या पावडरीच्या पाकिटावर 'फॉस्फेट' हा शब्द शोधायला हवा.

शॅम्पूच्या वड्या आता सगळीकडे मिळतात. त्यातही मागची बाजू बघाच. 'सोडियम पामेट', 'सोडियम कोकोएट' असं असेल तर तो सरळ साबण आहे. बोअरच्या जड पाण्यात त्याचा चोथा होतो, केस चिकट राहतात आणि मग लोक वैतागून पुन्हा बाटलीकडे वळतात. पाणी जड असेल तर शिकेकाई उत्तम. तिचा फेस सॅपोनिन या वनस्पतीतल्या फेसाळ द्रव्याचा असतो, चोथा धरत नाही. जुन्या नाशकात काष्ठौषधींच्या दुकानात शेंगा मिळतात. थोडा रिठा, आवळकाठी घालून रात्री भिजवा, सकाळी उकळून दुहेरी फडक्यातून गाळा. भुकटी तशीच डोक्यावर घातली तर कण केसांतून निघता निघत नाहीत. डोळे मात्र घट्ट मिटा, फार झोंबतं.

बांबूच्या ब्रशचं कौतुक मला कमी आहे. दांडा मातीत जातो हे खरं, पण केस बहुधा नायलॉनचेच असतात, ते पकडीने उपटून मगच दांडा टाकावा लागतो. त्यापेक्षा अंग घासायला प्लास्टिकच्या जाळीऐवजी वाळलेलं घोसाळं घ्या. वेलावरच जून होऊ द्यायचं, साल काढून बिया झटकायच्या.

आणि एक गोष्ट कुणीच विचारत नाही: पाणी तापवायला काय लागतं. साबण-शॅम्पूच्या सगळ्या प्रवासात ऊर्जा सगळ्यात जास्त जाते ती इथे, आपल्या गिझरमध्ये. नाशिकच्या थंडीत गार पाण्याने अंघोळ करा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण गच्चीवर सोलर असेल तर त्याच्या नळ्यांवरची धूळ पुसा, आणि शॉवरऐवजी बादली भरा. नवं काही आणायच्या आधी कपाटातल्या अर्ध्या बाटल्या संपवा, त्या फेकून देऊन 'इको' खरेदीला निघू नका.